गाडी तापली आणि ट्रकवाले दादा म्हणाले, "हीटर लावा!" (काटे, दिवे, हीटर आणि घरच्या गाडीची निगा)

शेवंती

नमस्कार मंडळी. प्रश्न गाडीचा आहे, पण त्याआधी रविवारी काय झालं ते सांगते.

आमची सात सीटर डिझेल गाडी २०१३ सालची. सासऱ्यांनी (आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो) हौसेने घेतलेली. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मीच चालवते. रविवारी चिपळूणहून कराडला निघालो. गाडीत अण्णा, सासूबाई, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि मागे आंब्याच्या चार पेट्या. पोफळी सोडली आणि कुंभार्ली घाटाचा चढ लागला. दुपारचे दोन, एसी फुल, पुढे लोखंड भरलेला ट्रक. सगळा चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये.

आमच्या गाडीचा टेंपरेचरचा काटा नेहमी निम्म्याच्या जरा खाली असतो. अण्णांचं लक्ष आधी गेलं. "काटा वर चाललाय गं." मला वाटलं, चढ आहे, एवढं होणारच. दोन वळणं झाली आणि काटा लाल रेघेला टेकला, दिवाही लागला. जरा रुंद वळण बघून गाडी कडेला घेतली आणि बंद करणार, तेवढ्यात मागच्या ट्रकचे चालक खाली उतरून आले. म्हणाले, "ताई, वाफ नाही ना? मग लगेच बंद करू नका. एसी बंद करा, हीटर फुल गरम, पंखा फुल, काचा खाली." मे महिन्यात हीटर! पण ऐकलं. भट्टीसारखी हवा आली आणि काटा खरंच खाली यायला लागला. तीन-चार मिनिटांनी अचानक त्याच हीटरमधून गार हवा यायला लागली आणि काटा परत वर चढला. मग मात्र त्यांनीच गाडी बंद करायला लावली.

सव्वा तास थांबलो. बोनेट उघडलं, तर कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली दोन खुणांच्या मध्ये, अगदी व्यवस्थित भरलेली. रेडिएटरच्या टोपीला त्यांनी हातही लावू दिला नाही. नंतर एसी न लावता हळूहळू हेळवाक गाठलं. पुढे कोयनानगर, पाटण, कराड, कुठेच काटा वर गेला नाही.

आता गाडी दारात उभी आहे. प्रश्न तीन. बाटली भरलेली असताना गाडी तापली कशी? हीटरची हवा मध्येच गार का झाली? आणि बारा वर्षं जुन्या गाडीत हे असं होतच असतं का?

आणखी एक. मी वीस वर्षं गाडी चालवते आहे, पण समोरच्या मीटरमधलं स्पीड आणि डिझेल सोडून मी कधी काही बघितलंच नव्हतं. ज्यांना माहीत आहे त्यांनी अगदी पहिल्यापासून सांगा. वाचणारे माझ्यासारखे बरेच असतील.

घाटवाट

शेवंतीताई, सगळे सुखरूप आहात हे पहिलं महत्त्वाचं. त्या ट्रकवाल्या दादांनी योग्य तेच सांगितलं.

हीटर म्हणजे गिझरसारखी विजेची कॉइल नसते. इंजिनात जे कूलंट फिरतं, त्याची एक वाट डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या छोट्या रेडिएटरकडे जाते. पंखा त्याच्यावरून हवा ढकलतो, ती गरम होऊन आपल्या पायावर येते. म्हणजे इंजिनाची उष्णता बाहेर टाकायला गाडीत दोन रेडिएटर आहेत. एक पुढच्या जाळीमागे आणि एक तुमच्या गुडघ्यांसमोर. हीटर लावला की दुसराही कामाला लागतो. एसीचं उलटं. एसीचा कंप्रेसर इंजिनावर भार टाकतो, शिवाय एसीची गरम जाळी मुख्य रेडिएटरच्या पुढ्यातच असते. ती तापली की रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम झालेली असते.

हीटरने डिझेल जास्त खर्च होतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ती उष्णता एरवी वायाच जाणार असते. खर्च होतो तो पंख्याच्या विजेचा, तोही किरकोळ.

पाना_पक्कड

मी इचलकरंजीत गॅरेज चालवतो. ताई, तुमच्या गोष्टीत सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे हीटरची हवा गार झाली ही. ती लक्षात ठेवून सांगितलीत, फार बरं केलंत.

इंजिन तापलेलं आणि हीटर गार, म्हणजे त्या छोट्या रेडिएटरपर्यंत पाणी पोचलेलं नाही. तिथं हवा बसलेली आहे. याचा अर्थ सिस्टीममध्ये पाणी कमी आहे. बाटली काहीही दाखवू दे.

आता बाटली भरलेली कशी? तुमच्या गाडीच्या रेडिएटरला वेगळी टोपी आहे, म्हणजे ती बाटली नुसती साठवणीची. गाडी गरम झाली की कूलंट फुगतं, टोपीची स्प्रिंग दाबून जादाचं बाटलीत जातं. गाडी गार झाली की रेडिएटरमध्ये ओढ तयार होते आणि तेच परत आत येतं. टोपीचं रबर कडक झालं किंवा चिरलं, की आत येताना कूलंटऐवजी हवा ओढली जाते. बाटलीतलं बाटलीतच राहतं, रेडिएटर दर खेपेला थोडा थोडा रिकामा होतो. त्यात कुठंतरी बारीक गळती असली तर बघायलाच नको.

माझा अंदाज टोपी, नाहीतर टोपी आणि गळती दोन्ही. पण अंदाजावर गाडी चालवू नका. सकाळी, रात्रभर उभी असलेल्या गार गाडीची टोपी उघडून बघा. कूलंट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर सेल्फ मारू नका, गॅरेजवाल्याला घरी बोलवा.

गरम गाडीची टोपी कुणीही उघडायची नाही. आत प्रेशर असतं म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपासपर्यंत थांबतं. टोपी सोडली की प्रेशर जातं आणि सगळं एकदम उसळतं. माझ्या डाव्या हातावर त्याचा डाग आहे, सतरा वर्षांचा असताना पडलेला. जाड फडकं धरून उघडता येते असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, तासभर थांबा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर: नाही. पंधरा वर्षांची गाडीसुद्धा भर मे महिन्यात, भरलेली, घाट चढताना तापता कामा नये.

जुना_डेपो

एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. काट्याबद्दल थोडं लिहितो, कारण काट्याचा स्वभाव कळल्याशिवाय तो वाचता येत नाही.

जुन्या गाड्यांत काटा खरं तापमान दाखवायचा. चढावर चढायचा, उतारावर उतरायचा. लोक घाबरून तक्रारी घेऊन यायचे. म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध बसवून ठेवतात. कूलंट ८० ला असो की १०० ला, काटा जागचा हलत नाही. त्यामुळे तो नेहमीच्या जागेवरून एक काडीभर जरी वर सरकला, तरी आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. अण्णांनी सांगितलं तेव्हाच, म्हणजे दोन वळणं आधी थांबायला हवं होतं. हे दोष म्हणून सांगत नाही सूनबाई, पुढच्या वेळेसाठी सांगतो. आणि अण्णांची नजर ऑपरेशननंतरही पक्की आहे, हे त्यांना माझ्यातर्फे जरूर सांगा.

दुसरी गोष्ट. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तोवर खरं बोलतो. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर उघडा पडला, तर तो वाफ नाहीतर हवा मोजतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. इंजिन भाजत असतं आणि आपण निश्चिंत. अशा वेळी खरं सांगतो तो हीटर. घाटात शंका आली की दोन मिनिटं हीटर लावून हात धरून बघावा. काटा मध्यावर आणि हवा कडक गरम, तर ठीक. काटा कुठेही असो आणि हवा गार, तर गाडी ताबडतोब बाजूला घेऊन बंद. हीटर हा मीटरवर नसलेला काटा आहे, असं मी नव्या पोरांना शिकवायचो.

इंजिन चालू ठेवायचं की बंद करायचं, याचा नियमही याच्यातच आला. वाफ येत नाही, हीटर गरम हवा देतोय आणि काटा उतरतोय, तोपर्यंत जागेवर चालू ठेवावं, कारण पंप कूलंट फिरवत राहतो. वाफ दिसली, काटा चढतच राहिला किंवा हीटर गार पडला, की बंद.

नवशिकी_पुणे

माझ्या छोट्या पेट्रोल गाडीत टेंपरेचरचा काटाच नाही! सकाळी चालू केली की एक निळा दिवा लागतो, थोड्या वेळाने जातो. तो कशाचा? मला वाटायचं थंडीचा.

घाटवाट

निळा म्हणजे इंजिन अजून गार आहे. कूलंट पुरेसं गरम झालं की तो विझतो. तेच चित्र लाल झालं तर इंजिन तापलंय. मधली काही अवस्था नाही, म्हणून अशा गाड्यांत लाल दिवा लागल्यावर "पुढच्या पंपापर्यंत जाऊया" हा विचार करायचा नाही.

निळा दिवा असताना गाडी जागेवर उभी ठेवून तापवत बसायची गरज नाही. चालू करा, पट्टा लावा, निघा. फक्त तो विझेपर्यंत एक्सलेटर जोरात दाबू नका.

पाना_पक्कड

आणि निळा दिवा नेहमीपेक्षा खूप वेळ राहायला लागला, किंवा हायवेला परत लागला, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. दाखवून घ्या.

सह्यभटक्या

थर्मोस्टॅटचा विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्या जुन्या जीपचा थर्मोस्टॅट आमच्या मेकॅनिकने काढूनच टाकला. म्हणाला, आपल्याकडे एवढी गरमी, गरज काय त्याची? आठ वर्षं झाली, गाडी कधी तापली नाही. मग तो असतो तरी कशाला?

जुना_डेपो

हा गैरसमज मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतोय. थर्मोस्टॅट ही एक मेणाची झडप आहे. इंजिन गार असताना ती रेडिएटरची वाट बंद ठेवते, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडते. काढून टाकली की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. इंजिन कायम अर्धवट गार चालतं. गार इंजिनाला इंधन जास्त लागतं, न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं, सिलिंडर लवकर झिजतात. भटक्याराव, तुमची गाडी तापली नाही हे खरं, पण ती कधी नीट गरमही झाली नाही. ॲव्हरेज किती देते ते सांगा बरं?

सह्यभटक्या

काका, ॲव्हरेज कमीच आहे. जुनी झाली म्हणून सोडून दिलं होतं. आणि आता आठवतंय, पावसाळ्यात हीटर कोमटच लागतो. मी हीटर बिघडला असं धरून चाललो होतो.

पाना_पक्कड

हीटर चांगला आहे, त्याला गरम पाणीच मिळत नाही. थर्मोस्टॅट बसवून घ्या, फार महाग वस्तू नाही. आमच्याच धंद्यातल्या लोकांनी हे केलंय याचं वाईट वाटतं. गळती शोधायला वेळ लागतो, थर्मोस्टॅट काढायला पंधरा मिनिटं. गिऱ्हाइकाची गाडी तापायची थांबते आणि तो खुश होऊन जातो.

मुठाकाठ

हीटरच्या बटणांवरून एक जुनी शंका. जुलैत ताम्हिणीत गेलो होतो. समोरच्या काचेवर आतून इतकी वाफ धरली की पुढचं काही दिसेना. एकजण म्हणतो एसी लाव, दुसरा म्हणतो हीटर लाव, तिसरा म्हणतो काच खाली कर. खरं कोण?

घाटवाट

तिघेही थोडे थोडे बरोबर आहेत. पाच माणसं ओले कपडे घालून बंद गाडीत बसली की श्वासातली आणि कपड्यांतली वाफ गार काचेवर जमते. तिच्यावर उपाय दोन: हवा कोरडी करणं आणि काच गरम करणं. एसी फक्त थंड करत नाही, हवेतलं पाणी काढून घेतो. गाडीखाली ठिबकतं ते तेच पाणी. म्हणून एसी चालू, टेंपरेचरचं बटण गरमकडे, हवेची दिशा समोरच्या काचेवर आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण. एसी आणि हीटर एकत्र चालतात हे अनेकांना माहीतच नसतं. कोरडी गरम हवा काचेवर गेली की मिनिटभरात काच स्वच्छ होते.

सगळ्यात मोठी चूक असते ती गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेलं बटण दाबून ठेवायची. आतलीच हवा आत फिरत राहते आणि वाफ वाढत जाते. ते बटण धुळीसाठी, ट्रकच्या धुरासाठी आणि उन्हाळ्यात गाडी लवकर गार करण्यासाठी.

कोकणात उलटा प्रकारही होतो. बाहेर दमट उकाडा, आत एसी एकदम १८ वर, आणि काचेवर बाहेरून वाफ धरते. आतून कितीही पुसा, जात नाही. अशा वेळी वायपर मारायचा आणि काचेवरची थंड हवा कमी करायची.

शेवंती

घाटवाट, ते गोल बाणाचं बटण आमच्याकडे बाराही महिने दाबलेलं असतं. धूळ येऊ नये म्हणून अण्णांनी लावलेली सवय. पावसाळ्यात पदराने काच पुसत मी किती घाट उतरले असेन, माझं मलाच माहीत.

कॅलगरीकर

इथे अल्बर्टात हाच हीटर जीव वाचवणारी वस्तू आहे, म्हणून लिहायला बसलो. जानेवारीत उणे ३० ही आमच्याकडे नवलाई नाही. इथल्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेचा प्लग लोंबताना दिसतो. पहिल्यांदा भारतातून आई आली तेव्हा तिने विचारलं, सगळ्या गाड्या विजेवर चालतात का रे? तो ब्लॉक हीटरचा प्लग. रात्री गाडी भिंतीतल्या सॉकेटला जोडून ठेवायची, तो इंजिनातलं कूलंट कोमट ठेवतो. नाहीतर सकाळी ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं आणि बॅटरीची निम्मी ताकद थंडीनेच गेलेली असते.

पाना_पक्कड यांनी पाणी म्हटलं, पण आमच्याकडे नुसतं पाणी घातलं तर ते गोठून फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक फोडतं. निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी हे मिश्रण उणे ३७ च्या आसपासपर्यंत गोठत नाही. महाराष्ट्रात गोठण्याचा प्रश्न नाही, पण हेच कूलंट गंज आणि क्षार धरू देत नाही आणि उकळण्याचा बिंदूही वर नेतं. त्यामुळे तिकडेही ते हवंच.

कूलंट सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढा. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विषारी आहे. उरलेलं कूलंट पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. घरात लहान मुलं असतात.

आणि हात जोडून एक सांगणं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून गाडी गरम करू नका, आणि भारतात एसी लावून उभ्या बंद गाडीत झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. इथे बर्फात सायलेन्सरचं तोंड बुजतं आणि माणसं जातात. तिकडे सायलेन्सर फुटलेला असला तरी तेच होतं.

शेवंती

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. लांबच्या प्रवासात हायवेच्या कडेला अशी एसी लावून डुलकी आम्ही दोनदा तरी काढली आहे. पुन्हा नाही.

सकाळी टोपी उघडून बघितली. आत काहीच दिसलं नाही. बोट घातलं तरी कूलंट लागलं नाही. बाटली मात्र भरलेलीच! पाना_पक्कडदादा, तुमचं म्हणणं खरं ठरलं. गॅरेजवाल्यांना घरी बोलावलंय, ते उद्या येतील.

तोवर अण्णा आणि मी मीटरवरच्या सगळ्या दिव्यांची चित्रं गाडीच्या पुस्तकातून वहीत उतरवतोय. कुठल्या दिव्याला काय करायचं, कुणी सांगेल का?

पाना_पक्कड

आधी रंग बघायचा. लाल म्हणजे गाडी आत्ता थांबवा. पिवळा म्हणजे चालवू शकता, पण दाखवून घ्या. हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती.

लालमधला सगळ्यात महत्त्वाचा दिवा कॉफीच्या किटलीसारखा दिसतो, तोटीतून थेंब पडतोय असा. तो ऑइलचं प्रेशर दाखवतो. ऑइल कमी आहे एवढाच त्याचा अर्थ नाही. ऑइल इंजिनात चढतच नाही, असा त्याचा अर्थ. चालत्या गाडीत तो लागला तर पुढचा पेट्रोल पंप, पुढचं गाव काही बघायचं नाही, बाजूला घ्या आणि बंद करा. एक-दोन मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं. ऑइल कमी झालंय हे कळायला डिपस्टिक आहे. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं, पट्टी पुसून परत घालायची आणि दोन खुणांच्या मध्ये बघायचं. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळतंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं डोकं आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलेलं असू शकतं. शेवंतीताई, गाडी तापून गेल्यावर हे तुम्ही नक्की बघा.

बॅटरीचा लाल दिवा म्हणजे चार्जिंग होत नाही. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, आणि पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो. बॅटरीचा दिवा लागला आणि पाठोपाठ काटा चढायला लागला, तर पट्टा तुटलाय हे गाडीतून न उतरता समजतं. दोन खुणा एकत्र वाचायला शिका, निम्मं मेकॅनिकचं काम तेच आहे.

ब्रेकचा लाल दिवा लागला तर आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा. असेल तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, गाडी हलवू नका.

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश दाखवा. लुकलुकत असेल तर सावकाश नको. सिलिंडर नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतं, आणि तो फार महाग भाग आहे.

चावी फिरवल्यावर, सेल्फ मारायच्या आधी, हे सगळे दिवे क्षणभर लागतात. ते सजावटीला नाहीत. एखादा त्या वेळी लागलाच नाही, तर गरज पडेल तेव्हाही लागणार नाही.

वऱ्हाडातून

आमच्याकडे अमरावतीला मे महिन्यात पारा ४५ ला जातो, त्यामुळे टायरबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, काँक्रीटचा, कारला १२० ची मर्यादा. तासन्‌तास एकाच वेगाने गाडी पळते. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेरीत बाजूने दबतो, दबून तापतो आणि फुटतो. जास्त हवेने टायर फुटतो म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, असं सांगणारे लोक आहेत. कृपा करून ऐकू नका.

किती हवा भरायची हे चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा, भरलेल्या गाडीचा वेगळा. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो. हवा टायर गार असताना मोजायची. शंभर किलोमीटर पळवून पंपावर मोजली तर जास्त दाखवणारच, ती सोडू नका. महिन्यातून एकदा स्टेपनीचीही बघा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी वय झालेलं रबर उन्हात चिरतं. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर कायद्यानेही बाद.

नवशिकी_पुणे

आत्ताच खाली जाऊन बघून आले. माझे २०१६ चे आहेत! सेकंडहँड गाडी घेताना नक्षी बघितली होती, साल बघायचं माहीतच नव्हतं. या आठवड्यात बदलते.

जुना_डेपो

चांगलं केलंस पोरी. आता इंधनाचा काटा. पंपाच्या चित्राशेजारी बारका बाण असतो, त्या बाजूला टाकीचं झाकण. घाटात चढावर काटा एक सांगतो, उतारावर दुसरं, कारण टाकीत डिझेल कलतं. पाव टाकीच्या खाली घाटात शिरू नये. जुनी डिझेल गाडी कोरडी पडली तर लाइनमध्ये हवा धरते, मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही. पेट्रोल गाडीचा पंप टाकीतल्या पेट्रोलनेच गार राहतो, त्याला कायम रिझर्व्हवर ठेवणं बरं नाही.

आणि उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांना माझी विनंती. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन बंद झालं तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं. नोकरीत असताना अशा गाड्या दरीतून वर काढताना मी पाहिल्या आहेत.

शेवंती

शेवटची बातमी. गॅरेजवाले आले, रेडिएटरमध्ये अडीच लिटर पाणी मावलं. मग हळूहळू चालवत गॅरेजमध्ये नेली. त्यांनी पंपाने प्रेशर देऊन तपासलं. टोपीचं रबर कडक होऊन चिरलेलं होतं. आणि खालच्या होज पाइपच्या क्लिपजवळ अगदी बारीक झिरपत होतं. खाली पडायच्या आधीच सुकत असल्यामुळे जमिनीवर कधी डाग दिसला नाही. पाइपवर मात्र पांढरट हिरवी खपली होती. बोअरचं पाणी घालत होता का, असं त्यांनी विचारलं. अण्णांनी मान डोलावली. आत क्षार बसले होते. सगळं धुऊन काढलं, नवं कूलंट भरलं, टोपी, पाइप आणि क्लिप बदलल्या. नवी टोपी तीनशेच्या आत आली.

ऑइल दुधाळ झालेलं नाही. हेड वाचलं. दोन वळणं आधी थांबायला हवं होतं हे जुना_डेपो काकांचं म्हणणं मी गाडीच्या पुस्तकात पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. तुमचा निरोप अण्णांना वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला त्यांनी. ट्रकवाल्या दादांचं नाव विचारायचं राहून गेलं, याची मात्र चुटपुट लागली आहे. कधी ते हे वाचतील असं वाटत नाही, तरी लिहिते: दादा, गाडी ठीक आहे.

काल संध्याकाळी अण्णांना घेऊन कोयनेपर्यंत जाऊन आले. गोल बाणाचं बटण काढलं. वाटेत चढावर अण्णांनी हीटर लावला आणि जाळीसमोर हात धरून बसले. कडक गरम हवा, काटा निम्म्याच्या जरा खाली. उतरल्यावर म्हणाले, "पुढच्या रविवारी टायरवरचे आकडे बघू."